थंडीच्या शिबिरासाठीं झोपण्याची पिशवी

नाताळच्या सुटींत सातारा व सांगली जिल्ह्यांतील विद्यार्थी महाबळेश्वर, पांचगणी, कास अशा उंच ठिकाणीं तंबू ठोकून राहावयास जातात. दिवसा तेथील ऊन सुखाचें वाटतें. खरी कसोटी लागते ती रात्रीं. अशा मुक्कामासाठीं स्लीपिंग बॅग, म्हणजे आंत शिरून झोपण्याची पिशवी, कशी निवडावी याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. पांघरूण ऊब देतें असें आपण म्हणतों. वास्तविक ऊब असते ती आपल्या शरीराची. पांघरुणाच्या तंतूंमध्यें अडकलेली स्थिर हवा ती बाहेर जाऊं देत नाहीं, इतकेंच. म्हणून पिशवीची परीक्षा वजनावरून किंवा रंगावरून न करतां, तिच्यांत हवा किती राहते आणि ती रात्रभर टिकते कीं नाहीं, यावरून करावी.

आतां थंडी किती, तें पाहूं. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर उंच आहे, तर महाबळेश्वर सुमारें १,३५० मीटर. दर हजार मीटर चढतांना हवेचें उष्णतामान सरासरीनें साडेसहा अंश सेल्सिअस उतरतें. तेव्हां केवळ उंचीमुळेंच सुमारें पांच अंशांचा फरक पडतो. शिवाय निरभ्र व निवांत रात्रीं गवत आणि जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेहूनही थंड होतात. हवेचें उष्णतामान शून्याच्या वर असतांनाही वेण्णा तलावाच्या कांठीं कधीं कधीं दंव गोठून पांढरा थर दिसतो, त्याचें कारण हेंच. थंड हवा जड असल्यामुळें खोलगट जागीं साचते. म्हणून तंबू तलावाच्या कांठीं न ठोकतां किंचित् उंच व आडोशाच्या जागीं ठोकावा.

पिशवीवर बहुधा उष्णतामानाचे तीन आंकडे छापलेले असतात. आय. एस. ओ. २३५३७ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणें पहिला आंकडा सुखानें झोप लागण्याचा, दुसरा अंग आखडून कशीबशी झोप मिळण्याचा, आणि तिसरा केवळ जीव वांचण्याचा होय. दुकानदार पुष्कळदां दुसरा किंवा तिसरा आंकडा पुढें करतो. विद्यार्थ्यानें पहिलाच पाहावा, आणि तोही अपेक्षित थंडीहून चार-पांच अंश खालचा घ्यावा. आमच्या डोंगरांवर रात्रीं आठ-दहा अंश अपेक्षित असतील, तर पहिला आंकडा पांच किंवा त्याहून कमी असलेली पिशवी पुरे होते. हिमालयासाठीं केलेली जाड पिशवी येथें ओझें मात्र होईल.

आंत भरलेला पदार्थही महत्त्वाचा आहे. पक्ष्यांचीं मऊ पिसें वजनानें हलकीं व फार उबदार. परंतु भिजलीं कीं त्यांचे गोळे होतात आणि ऊब नाहींशी होते. कृत्रिम तंतु थोडे जड, पण ओले झाल्यावरही कांहीं ऊब राखतात, लवकर वाळतात व स्वस्त असतात. दंव पडणाऱ्या आमच्या शिबिरांस हेच अधिक सोयीचे. पिशवीच्या आंत तोंड घालून श्वास सोडूं नये; त्या वाफेनेंच ती ओलसर होते.

परंतु सर्वांत चांगल्या पिशवीचाही एक दोष आहे. अंगाखालीं दबलेल्या भागांतील हवा निघून जाते, आणि जमिनीची थंडी थेट पाठीस भिडते. यावर उपाय आपल्याच जिल्ह्यांत आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत धनगर दख्खनी मेंढ्या पाळतात. त्यांच्या लोंकरीचें सूत काढून सनगर विणकर घोंगडी विणतात आणि तिला चिंचोक्यांची खळ देतात. लोंकरीचे तंतु मुळांतच कुरळे असल्यानें दाबाखालींही त्यांत हवा राहते, आणि आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल शोषूनही लोंकर अंगास ओली लागत नाहीं. घोंगडी दुहेरी करून खालीं अंथरावी व वर पिशवी घालावी. ज्या विद्यार्थ्यास पिशवी घेणें परवडत नाहीं, त्यानें एक घोंगडी खालीं आणि दोन वर घ्याव्या. कोरडे मोजे व कानटोपी घालून, पोटभर जेवून निजावें. पिशवी नाहीं एवढ्यासाठीं कोणीही शिबिरास मुकूं नये, असें आम्हांस मनापासून वाटतें.

दोन गोष्टी मात्र जिवाच्या आहेत. तंबूंत पेटती शेगडी कधींही ठेवूं नये. तींतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु वासावरून ओळखतां येत नाहीं, आणि निजलेला मनुष्य निजलेलाच राहतो. दुसरें, शेजारचा सोबती सारखा कुडकुडूं लागला, त्याचे शब्द अडखळूं लागले किंवा त्यास बटण लावतां येईना, तर सकाळची वाट न पाहतां शिक्षकांस उठवावें, त्याचे ओले कपडे काढून कोरडे घालावे व उबदार गुंडाळावें. कुडकुडणें थांबूनही तो सुस्तच पडला, तर तें बरें होण्याचें नव्हे, अधिक संकटाचें लक्षण समजावें.

नाताळांत आपण रानांत रात्रीं कळप राखणाऱ्या मेंढपाळांची कथा ऐकतों. आमच्या माळावर आजही धनगर थंडीच्या रात्रीं खांद्यावर घोंगडी घेऊन मेंढरें राखतात. त्यांच्यापासून एवढें शिकावें कीं, स्वतःची ऊब सांभाळून शेजाऱ्याकडे लक्ष ठेवणें, हीच शिबिराची खरी तयारी होय.