हिवाळी पावसाचा अंदाज आणि कापलेले धान

ब्रह्मपुरी तालुक्यात भारी धानाची कापणी आटोपून शेतात कडपा वाळत पडलेल्या असतात, अथवा पुंजणे रचून मळणीची वाट पाहिली जात असते. नेमक्या त्याच सुमारास उत्तर भारतातील थंडीच्या वृत्ताबरोबर ‘विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस’ असा अंदाज येतो. मृगाच्या पावसाचा अंदाज ज्या आस्थेने ऐकला जातो, त्या आस्थेने हा ऐकला जात नाही. वस्तुतः उभ्या धानाला पाऊस पुष्कळदा उपकारक असतो. कापलेल्या धानाला तो कधीच नसतो. लोंब भिजून राहिली की दाण्यास कोंब फुटतो, तांदूळ काळवंडतो, आणि शासकीय खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांहून अधिक ओलावा असलेले धान घेतले जात नाही. वर्षाचे श्रम असे एका रात्रीत वाया जातात.

हा पाऊस मोसमी वाऱ्यांचा नव्हे. भूमध्य समुद्राकडून इराण व अफगाणिस्तानमार्गे पूर्वेकडे सरकणाऱ्या वातावरणातील क्षोभास पश्चिमी प्रक्षोभ म्हणतात. त्याने हिमालयात बर्फ व पंजाबात पाऊस पडतो. एरवी विदर्भाला त्याची झळ लागत नाही. परंतु त्याचा उंचावरील पट्टा दक्षिणेकडे लांबला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे येऊ लागले, म्हणजे मध्य भारतावर या दोहोंची गाठ पडते आणि गडगडाटी पाऊस, क्वचित गारा पडतात. २०२१ च्या डिसेंबरअखेर विदर्भात वादळी पाऊस व गारपीट झाली. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये तर महाराष्ट्राच्या मोठ्या भागात गारपिटीने रब्बी पिके झोडपून काढली.

प्रक्षोभ दुरून येत असल्यामुळे उपग्रहाच्या चित्रांत तो अगोदर दिसतो. म्हणून तो कोणत्या दिवशी पोहोचेल हे दोन-तीन दिवस आधी बऱ्याच भरवशाने सांगता येते. कोणत्या गावावर ढग फुटेल हे मात्र सांगता येत नाही. अंदाज वाचताना गफलत होते ती येथेच. राष्ट्रीय अंदाजातील ‘विदर्भ’ म्हणजे अकरा जिल्हे. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ पाऊस थोडा पडेल असा नसून, फार तर चतुर्थांश ठिकाणी पडेल असा आहे. त्यापुढे ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत आणि ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत. ज्या गावावर तो पडेल तेथे तो जोराचाही असू शकेल. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्याने राष्ट्रीय अंदाज ऐकून न थांबता नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार अंदाज पाहावा. त्यात चंद्रपूर जिल्ह्यापुढे पिवळा रंग असल्यास सावध राहावे, नारिंगी असल्यास तयारी पुरी करावी, तांबडा असल्यास तत्काळ कृती करावी. वैनगंगेपलीकडे शेत असलेल्यांनी गडचिरोलीचा रकाना पाहावा.

समजा, सोमवारी सकाळी बुधवारसाठी पिवळा इशारा आला. मंगळवार हा कामाचा दिवस समजावा. वाळलेल्या कडपा उचलून उंच जागी पुंजणे रचावे, लोंबा आत व बुडखे बाहेर ठेवावेत, शेंडा निमुळता करून वर ताडपत्री दोरांनी घट्ट बांधावी. ओल्या कडपा मात्र पुंजण्यात घालू नयेत. आत उष्णता धरून धान कुजते. बुधवारी पाऊस न आल्यास एक दिवसाची मजुरी फुकट गेली असे काही शेतकरी म्हणतात. चारांपैकी तीन वेळा ती फुकट गेली तरी चौथ्या वेळी वाचलेले धान त्या मजुरीच्या कितीतरी पट असते, हे कार्यकर्त्याने प्रत्यक्ष हिशेब मांडून दाखवावे.

बांधीत उटेरा पद्धतीने पेरलेली लाखोळी व जवस यांस हलक्या सरीने अपाय नाही, मात्र पाणी साचू देऊ नये. बांध एका बाजूस फोडून ठेवावा. हरभऱ्यास पाणी देणे व कोणतीही फवारणी करणे पाऊस ओसरेपर्यंत थांबवावे. ढगाळ दिवसांनंतर लाखोळीवर मावा व हरभऱ्यावर घाटे अळी दिसते का, हे शेतात जाऊन पाहावे.

आकाश निवळले म्हणजे काम संपले असे नाही. ढग असताना रात्री उबदार असतात. प्रक्षोभ पुढे सरकताच उत्तरेचे कोरडे वारे सुटतात व पारा झपाट्याने उतरतो. उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकले असल्यास त्यातील थंड पाणी सकाळी काढून टाकावे व सायंकाळी ताजे पाणी भरावे. पुंजण्यावरील ताडपत्री उन्हात उघडी करावी, आणि ती सायंकाळी दव पडण्यापूर्वी पुन्हा ओढून घ्यावी.