शुश्रूषेचें ओझें वांटून घ्यावें

बिलोली तालुक्यांतील एखाद्या मजुराच्या घरीं वृद्ध पित्यास पक्षाघात झाला, असें समजा. त्यास उठविणें, न्हाऊं घालणें, औषध देणें हें सर्व बहुधा सुनेकडे येतें. तिची शेतांतील मजुरी बुडते, रात्रींची झोंप मोडते आणि औषधासाठीं कर्ज होतें. तथापि यास कोणी काम म्हणत नाहीं.

(१) हें काम केवढें आहे? भारत सरकारनें सन २०२४ सालीं केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, घरांतील मुलें, वृद्ध व आजारी यांची देखभाल करणाऱ्या १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांचीं रोज सुमारें १४० मिनिटें त्यांत जातात, पुरुषांचीं ७४.

(२) खर्च कोणी सोसावा? सन २००७ च्या कायद्यान्वयें आईबापांच्या पोषणाचा भार मुलगे व मुली या सर्वांवर आहे. निराधार वृद्धानें श्रावणबाळ योजनेसाठीं तहसील कचेरींत अर्ज करावा. परंतु ही मदत वृद्धास आहे, सेवा करणारीस नाहीं. केरळांत मात्र 'आश्वासकिरणम्' योजनेनें शय्याग्रस्ताची शुश्रूषा करणाऱ्यास दरमहा ६०० रुपये ठरविले आहेत.

(३) आपण काय करावें? भावंडांनीं एकत्र बसून सुनेची बुडालेली मजुरीहि खर्चांत धरावी. आठवड्यांतून एक दिवस दुसऱ्यानें रोग्याजवळ राहावें. ती चिडली, रडली तर दोष न देतां तिला विसांवा द्यावा. कारण ती खचली तर रोगीहि उघडा पडतो.

मननार्थ प्रश्न: आपल्या वस्तींत अशी कोण आहे? तिचा कोणता दिवस आपण घ्याल?