जरा हात लावता काय?

वऱ्हाडात वाढलेल्या माणसाच्या कानावर एक वाक्य लहानपणापासून पडलेले असते : "भाऊ, जरा हात लावता काय?" धुऱ्यावरून गवताचा भारा घेऊन निघालेली बाई, बाजार समितीत पोते पाठीवर घेणारा हमाल, हापशीवर घागर उचलणारी पोर, सगळ्यांचे हे वाक्य. समोरचा ओळखीचा असो वा नसो, तो थांबतो, हात लावतो आणि ओझे नीट बसल्याशिवाय हात काढत नाही. उचलणाऱ्याने "हं, झालं" म्हटले की मगच तो आपल्या वाटेने जातो.

हीच आपली माणसे संध्याकाळी जिममध्ये गेली की मात्र अवघडल्यासारखी होतात. शेजारच्या बेंचवर एखादा तरुण छातीवर रॉड घेऊन धडपडत असतो आणि आपण आरशात पाहत उभे असतो. किंवा याच्या उलट, त्याला मदत नको असताना आपण धावत जाऊन रॉडला हात घालतो. दोन्ही चुकीचेच. आज अमरावती, अकोल्यातच नव्हे तर तालुक्याच्या गावीही जिम निघाल्या आहेत. तेथे बोलीभाषेत ज्याला 'सपोर्ट देणे' म्हणतात, त्याची रीत काय असावी, यावर आज थोडे बोलू.

माझ्या हातून झालेली चूक

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. अकोल्यातील एका व्यायामशाळेत मी नियमाने जात असे. एके दिवशी एका अनोळखी तरुणाने बेंच प्रेसच्या वेळी हाक मारली, "दादा, सपोर्ट द्या." मी रॉडच्या एका टोकाला उभा राहिलो, दुसरे एक गृहस्थ दुसऱ्या टोकाला. तो किती वेळा उचलणार हे मी विचारले नाही. कधी धरायचे हे आम्ही दोघांनी आपसात ठरवले नाही. प्लेटांना बाहेरून लॉक लावलेले नाही, हेही पाहिले नाही.

पाचव्या वेळेस रॉड अर्ध्यावर अडला. मी घाईने माझे टोक वर ओढले. समोरच्या गृहस्थांना वाटले, पोरगा अजून उचलेल, म्हणून ते थांबले. रॉड तिरपा झाला, त्यांच्या बाजूच्या प्लेटा घसरून फरशीवर आदळल्या, आणि तिकडचा भार गेल्याबरोबर माझे टोक माझ्या हातांसकट खाली आले. रॉड त्याच्या मानेवर आला नाही हे नशीब. पण खांदा असा पिरगळला की पुढचे दोन महिने त्याला शर्टाच्या बाहीत हात नीट घालता येत नव्हता. मी मदतीला गेलो होतो आणि दुखापत माझ्यामुळे झाली. तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली : मदतीला नुसती ताकद पुरत नाही, आधी दोन शब्द बोलावे लागतात.

धोका नेमका कोठे आहे?

सगळ्याच व्यायामांना मदतनीस लागत नाही. ज्यात वजन शरीराच्या वर असते आणि सुटले तर अंगावरच येते, तेथे तो लागतो. असे मुख्य व्यायाम दोन : बेंच प्रेस आणि खांद्यावर रॉड घेऊन बैठका, म्हणजे स्क्वॉट. बेंचवर उताणे झोपलेल्या माणसाला बाजूला होता येत नाही. रॉड छातीवर अडकला तर श्वास कोंडतो आणि मानेकडे घरंगळला तर प्राणावर बेतते. जमिनीवरून उचलायच्या डेडलिफ्टचे तसे नाही. जमले नाही तर वजन खाली ठेवायचे, बस्स. तेथे कोणी मध्ये हात घातला तर तोल जाऊन उलट कंबरच दुखावते. डोक्यावर वजन नेणारे स्पर्धेतील वेटलिफ्टरसुद्धा उचल फसली की वजन सोडून देऊन मोकळे होतात. ते झेलायला कोणी जात नाही, आणि जाऊही नये.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजस्थानातील बिकानेर येथे १७ वर्षांची एक गुणी पॉवरलिफ्टर मुलगी स्क्वॉटचा सराव करीत असताना २७० किलोचा रॉड मानेवर येऊन मरण पावली. प्रशिक्षक जवळच होते. एवढे वजन एकदा सुटले की एका माणसाच्या हातात काही राहत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांप्रमाणे स्पर्धेत मंचावर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच साहाय्यक असतात. त्याच नियमांत हेही आहे की उचल चालू असताना साहाय्यकाने रॉडला हात लावून काम सोपे केले तर ती उचल बाद होते. जवळ राहायचे, सावध राहायचे, पण गरज पडेपर्यंत हात लावायचा नाही, असा हा दुहेरी नियम आहे.

ही रीत आपल्याकडे जुनीच

ही शिस्त परदेशातून आणावी लागेल असे मुळीच नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना वैद्य बंधूंनी १९१४ साली केली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने आपले देशी व्यायाम तेथे करून दाखवले. अशी परंपरा ज्या गावाला आहे, तेथे मल्लखांब शिकवणारे गुरुजी कसे उभे राहतात ते पाहावे. नवा मुलगा खांबावर उलटा होतो तेव्हा त्यांचा हात मुलाच्या पाठीजवळ असतो, पाठीला टेकलेला नसतो. टेकला तर मुलगा शिकणार नाही, दूर गेला तर मुलगा पडेल.

दुसरा धडा अकोल्याच्या कावड यात्रेचा. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराला येणाऱ्या मोठमोठ्या कावडी आपण पाहतो. वाटेत खांदेकरी बदलतात. बदलताना आधी नवा खांदा लागतो, मगच जुना निघतो. जिममध्ये रॉड हातात घेताना आणि परत देताना नेमके एवढेच लक्षात ठेवायचे आहे.

मदत मागणाऱ्याने काय करावे?

मदत मागण्यात कमीपणा नाही. सोबत कोणी नसताना जड वजन घेणे ही मर्दुमकी नव्हे. मात्र समोरच्याची स्वतःची उचल चालू असताना हाक मारू नये, त्याला श्वास घेऊ द्यावा. मग बेंचवर झोपण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. एक, किती वेळा उचलणार. दोन, रॉड स्टँडवरून काढायला हात हवा की नको. तीन, कोणत्या शब्दावर धरायचे. हा शब्द एकच आणि छोटा असावा, "घ्या." गाण्यांच्या गोंगाटात "सोडू नका" म्हटलेले "सोडा" असे ऐकू येते आणि अनर्थ होतो. "राहू द्या" याचेही दोन अर्थ निघतात.

रॉड धरताना अंगठा रॉडभोवती गुंडाळलेला असावा. प्लेटांना लॉक लावावे. आणि मदतनीसाने रॉड धरला तरी आपण हात सोडू नयेत. रॉड स्टँडवर टेकेपर्यंत तो दोघांचा असतो. शेवटी "धन्यवाद भाऊ" म्हणायला आणि प्लेटा जागेवर ठेवायला पैसे पडत नाहीत.

मदत करणाऱ्याने काय करावे?

• ते वजन आपल्याला पेलेल का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. नसेल पेलत तर तसे सांगावे आणि दुसऱ्याला बोलवावे. नकार देणे हीसुद्धा मदतच आहे.

• बेंच प्रेसला डोक्याच्या बाजूने, मधोमध उभे राहावे. गुडघे थोडे वाकलेले, पाठ सरळ. हात रॉडच्या जवळ, उचलणाऱ्याच्या दोन हातांच्या मध्ये. धरताना एक तळवा वर आणि एक खाली, म्हणजे रॉड घरंगळत नाही.

• दोघे जण दोन टोकांना असतील तर एकानेच हुकूम द्यावा आणि दोघांनी एकदमच उचलावे.

• डंबेलच्या व्यायामात कोपराला आधार देऊ नये, मनगटाजवळ द्यावा. कोपर धरले तर हात आत दुमडून डंबेल तोंडावर येऊ शकते.

• रॉड हळू चालला म्हणजे अडला असे नाही. तो थांबला, खाली येऊ लागला किंवा तिरपा झाला, तर मात्र क्षणाचाही विलंब नको. हाकेची वाट पाहू नये. दम कोंडलेल्या माणसाला शब्द फुटत नाही.

• सपोर्ट देताना मोबाइल पाहू नये, गप्पा मारू नयेत.

महिला व्यायाम करीत असतील तर विचारल्याशिवाय जवळ जाऊन उभे राहू नये. मदत मागितली तर हात रॉडलाच लावावा, शक्यतो अंगाला नाही. स्क्वॉटमध्ये मागून आधार द्यावा लागतो, तेव्हा महिला प्रशिक्षक किंवा त्यांची मैत्रीण असावी हे बरे. खरा धोका दिसला तर मात्र संकोच बाजूला ठेवावा.

आणखी एक. मदत मागितली म्हणजे सल्ला मागितला असे नव्हे. "तुमचे सगळेच चुकते आहे" हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झाले आहे. चूक धोक्याची असेल तर हळू आवाजात एकदा सांगावे, एरवी गप्प राहावे.

कोणीच नसेल तर?

बाजूला आडव्या सुरक्षा-दांड्या असलेला रॅक असेल तर त्यातच व्यायाम करावा. नसेल तर वजन कमी करावे किंवा डंबेल घ्यावेत, ते बाजूला टाकता येतात. रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असणाऱ्यांनी दम कोंडून जड वजन उचलण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

अपघात झालाच, तर आधी रॉड अंगावरून काढावा. मानेवर किंवा पाठीवर मार असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर त्या माणसाला उठवू, बसवू किंवा मान हलवू नये. तसेच झोपवून १०८ ला फोन करावा. छातीवर आदळले असेल आणि दम लागत असेल, तर "थोड्या वेळाने बरे वाटेल" म्हणून घरी न जाता दवाखान्यात जावे.

त्या तरुणाचा खांदा पुढे बरा झाला आणि तो पुन्हा बेंचवर आला. पहिल्याच दिवशी त्याने मला हाक मारली. मी जवळ गेलो आणि आधी विचारले, "किती मारणार? आणि घ्यायचं कधी?" तो हसला. त्या दिवशी आठ झाले आणि मला रॉडला एकदाही हात लावावा लागला नाही.

वाचकहो, उद्या जिममध्ये कोणी हाक मारली तर आपल्या वऱ्हाडी रीतीने जरूर हात लावा. फक्त आधी विचारा, आणि ओझे बसेपर्यंत हात काढू नका.