आधी अंगठा बघ

अगं, रेवदंड्याला कोळीवाड्याला लागून घर घ्यायचं, दारासमोर सुकट वाळत पडायची, आणि मांजर चिकटणार नाही? ते व्हायचंच होतं. पण माऊ पुढचा पाय टेकत नाहीये म्हणालीस ना, मग तिला मांडीवर घे आणि आधी अंगठा बघ.

मांजराच्या पुढच्या पायाला पाच बोटं, मागच्याला चार. पुढचं पाचवं, म्हणजे अंगठा, आतल्या बाजूला वर असतो, जमिनीला लागतच नाही. त्यामुळे त्याचं नख झिजत नाही. तुझी माऊ वयस्कर दिसते; अशांचं नख वाढत वाढत गोल वळतं आणि स्वतःच्याच गादीत रुततं. वरून केस असतात, पत्ता लागत नाही. बोट वर-खालून हलकेच दाबलंस की नख बाहेर येईल. मुळाशी गुलाबी दिसतं तिथे रक्त असतं, तिकडे जाऊ नकोस. फक्त टोक काप. रुतलेलं असेल तर मात्र डॉक्टरच.

एरवी ही नखं आत मिटलेली असतात, म्हणून तर धार टिकते. तुमच्या जवळच्या फणसाडातल्या बिबट्याचंही तेच. जंजिऱ्याच्या नवाबाचं ते शिकारीचं रान, १९८६ साली अभयारण्य झालं. तिथे ओल्या मातीत चार बोटं आणि गादी उमटते, नखं सहसा नाहीत. कुत्र्याच्या ठशात नखं दिसतात. माऊचं आणि बिबट्याचं घराणं एकच, तेव्हा ती गुरगुरली तर टॉवेलात गुंडाळ बाई!

अंगठा ठीक निघाला तर बोटांमधल्या खाचा चाचप. जाळ्याचा नायलॉनचा धागा बोटाला आवळून बसतो आणि बोट टम्म सुजतं. गळ टोचला असेल तर ओढू नकोस, त्याला उलटा काटा असतो.

आणि ते काळं फिनेल बंद कर. फरशीवरून तळव्याला, तळव्यावरून जिभेला. मांजराला ते पचत नाही. दुखतंय म्हणून आपली तापाची गोळी तर मुळीच देऊ नकोस, पॅरासिटामॉलने मांजर मरतं.

दवाखान्यात टेबलावर तिचे ओले ठसे उमटले तर घाबरली आहे समज, मांजराला घाम फुटतो तो तळव्यांनाच. तुला ओरबाडलं किंवा चावली तर हळद लावत बसू नकोस. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धू आणि रेबीजच्या लशीचं त्याच दिवशी विचार.

आईला एवढ्यात काही बोलू नकोस. ती आधी मांजर बाहेर काढायला लावेल.