अस्वलाने चेहरा फाडला तर : रानापासून ऑपरेशनपर्यंत

मार्च-एप्रिलात मोहफुले पडू लागली की गडचिरोली जिल्ह्यातल्या घोट-आष्टीकडची माणसे पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. त्याच फुलांसाठी अस्वलही येते. अचानक गाठ पडली तर ते मागच्या पायांवर उभे राहते आणि पंजे थेट डोक्यावर, तोंडावर पडतात. डोळा, नाक, गाल, ओठ फाटतात. असा चेहरा पुन्हा उभा करता येतो. पण सर्जनच्या हाती काय पोहोचते, हे सोबतच्या माणसांनी पहिल्या काही तासांत काय केले यावर ठरते. म्हणून ही कृती मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचणाऱ्या प्रत्येक टोळीला माहीत असायला हवी.

जवळ ठेवा : धुतलेली दोन-तीन सुती फडकी, स्वच्छ पाण्याची बाटली, प्लास्टिकच्या दोन पिशव्या, शिट्टी, चार्ज केलेला मोबाइल.

कृती

1. आधी जागा सोडा. अस्वल परतू शकते. पिल्लू जवळ असेल तर नक्कीच थांबू नका. जखमीला मोकळ्या जागी आणा आणि लगेच 108 ला फोन लावा.

2. श्वास सांभाळा. शुद्धीवर असेल तर पुढे झुकवून बसवा, म्हणजे रक्त घशात न जाता बाहेर पडेल. बेशुद्ध असेल तर मान सरळ धरून कुशीवर वळवा. उताणे झोपवू नका. तोंडाने पाणी, चहा काहीही देऊ नका. पुढे भूल द्यावी लागणार असते.

3. रक्त थांबवा. स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून धरा. डोळ्यावर मात्र दाब नको. तो नुसता झाका.

4. लोंबणारी कातडी कापू नका. ती हलकेच जागेवर बसवून वर फडके धरा. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो. बारीकशा दुव्यावर टिकलेली कातडीही जगू शकते.

5. नाक-कानाचा तुकडा पडला असेल तर शोधा. ओल्या, स्वच्छ फडक्यात गुंडाळा, पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवू नका.

6. हळद, चुना, तंबाखू, शेण, झाडपाला यांपैकी काहीही जखमेत भरू नका. साधे ओरखडे साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. मोठ्या जखमेसाठी धुण्यात वेळ न घालवता दवाखाना गाठा.

7. चामोर्शीच्या ग्रामीण रुग्णालयात रक्तस्राव आवरून घ्या, धनुर्वाताची सुई घ्या. रेबीजची लस आणि जखमेत टोचायचे इम्युनोग्लोब्युलिन या दोन्हींबद्दल विचारा. कातडीत दिल्या जाणाऱ्या लशीचे दिवस 0, 3, 7 आणि 28. घरी परतल्यावर एकही डोस चुकवू नका.

8. गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयातून नागपूरला पाठवले तर टाळाटाळ करू नका. तिथे सीटी स्कॅनवर मोडलेली हाडे दिसतात. ती टायटॅनियमच्या पट्ट्यांनी जोडतात. गाल फाटला असेल तर लाळेची नळी आणि चेहऱ्याची नस तपासली का, हे आवर्जून विचारा. नस तुटली असेल तर पहिल्या तीन दिवसांत तिची टोके शोधणे सोपे जाते.

9. नाक गेले तर कपाळाची कातडी वळवून नवे नाक घडवतात आणि साधारण तीन आठवड्यांनी मधला दुवा कापतात. ही पद्धत आपल्या मातीतली आहे. 1793 मध्ये पुण्याजवळ एका वीटकराने टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी या गाडीवानाचे नाक असेच उभे केले. 1794 मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचा वृत्तान्त छापून आला आणि युरोपातले सर्जन या कामाकडे वळले.

10. चेहऱ्यावरचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत निघतात. जखम भरल्यावर डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे मालिश करा, सिलिकॉन जेल लावा. उन्हात दुपट्टा किंवा छत्री हवीच, नाहीतर व्रण काळवंडतो. व्रण मुरायला वर्षभर लागू शकते. त्यानंतर लेसर, पोटाची चरबी गालात भरणे, व्रण नव्याने शिवणे हे उपाय करता येतात. लेसर आणि चरबी भरणे ही तारुण्य टिकवण्यासाठी शहरात वापरली जाणारी तंत्रे जखमी चेहऱ्यालाही उपयोगी पडतात.

11. कागद सांभाळा. घटना 48 तासांच्या आत वनविभागाला किंवा पोलिसांना कळवा; वनविभागाची हेल्पलाइन 1926 आहे. पंचनामा, दवाखान्याचा दाखला आणि बिले एकत्र ठेवा. नुकसानभरपाईसाठी ती लागतात. दाखल होतानाच रेशनकार्ड आणि आधार दाखवून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

12. माणसाला घरात कोंडू नका. पहिले ऑपरेशन बहुधा शेवटचे नसते. पुढच्या तारखांना आशाताईंना सोबत घ्या, एसटीच्या भाड्याची सोय गावाने करा. निम्म्यावर सोडलेला उपचार पूर्ण करायला उशीर झालेला नसतो. जुना व्रण घेऊनही प्लास्टिक सर्जरी विभागात जाता येते.