गिरडच्या टेकडीवर खिशातला कॅमेरा

प्रश्न : गिरडच्या दर्ग्यावर लोकांचे सहज क्षण टिपायला उंची कॉम्पॅक्ट कॅमेरा पुरतो का? सेटिंग काय ठेवावे?

उत्तर : पुरतो. रिको जीआर ३ (२०१९) खिशात मावतो, तरी त्याचा सेन्सर अनेक डीएसएलआरएवढाच, एपीएस-सी आकाराचा असतो. शटरचा आवाज जवळजवळ होत नसल्याने माणसे सावध होत नाहीत.

समुद्रपूर तालुक्यातील बाबा फरीद यांचा हा दर्गा टेकडीवर आहे. पायऱ्यांवरच्या वर्दळीत ऑटोफोकसची वाट पाहण्यात क्षण निसटतो. म्हणून स्नॅप फोकस (आधीच ठरवून ठेवलेले फोकसचे अंतर) २ मीटरवर आणि अॅपर्चर एफ/५.६ ठेवावे, म्हणजे सुमारे सव्वा ते सहा मीटरमधले सारे स्पष्ट येते. चालत्या माणसांसाठी शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान हवे.

उन्हातली पांढरी भिंत चौकटीत मोठी आली की कॅमेरा फोटो काळवंडवतो, चेहरे अंधारतात. तेव्हा एक्स्पोजर +०.७ करावे आणि रॉ फाइल ठेवावी. संध्याकाळी एफ/२.८, आयएसओ १६०० ते ३२००. प्रार्थनेत फ्लॅश टाळावा, जवळून फोटो घेताना परवानगी घ्यावी. जीआर ३ची बॅटरी साधारण २०० फोटोंतच संपते. जादा बॅटरी हवीच.