लालबागची खोली आणि एअर प्युरिफायर

दिवाळी संपून थंडी पडली की मुंबईची हवा पेपरच्या पहिल्या पानावर येते आणि घरोघरी एकच चर्चा, "प्युरिफायर घ्यायचा का?" लालबागला आमच्या चाळीतही ही चर्चा पोचली आहे. आजीला दमा असल्याने आमच्याकडे तो नुसता गप्पांचा विषय नाही. पण मशीन घ्यायचं तर आधी ते काय करतं आणि काय करत नाही, हे कळायला नको का?

१९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या चिमण्या एकेक करून थंड झाल्या. त्या जागी टॉवर आले. धूर गेला, बांधकामाची धूळ आली! ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने नियम काढला, की ७० मीटरपेक्षा उंच इमारतीच्या कामाभोवती ३५ फूट उंच पत्रे लावावेत. पण बारीक कण पत्र्याला थोडेच जुमानतात? २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना पीएम २.५ म्हणतात. ते थेट फुप्फुसात खोल जातात. आपल्याकडे २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना मात्र २०२१ पासून १५ म्हणते.

आता थोडं सायन्स. हेपा फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी नव्हे. मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत, म्हणून तंतूंवर आपटतात. अगदी लहान कण ब्राउनियन मोशनमुळे इकडेतिकडे भटकतात आणि तेही चिकटतात. सगळ्यात चकवा देणारे असतात ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. म्हणून परीक्षा त्यांच्यावरच घेतात, आणि पास व्हायला ९९.९७ टक्के लागतात. आपल्या युनिव्हर्सिटीपेक्षा कडक!

पण नुसता फिल्टर चांगला असून भागत नाही, तासाला किती हवा साफ होते ते महत्त्वाचं. तो आकडा म्हणजे सीएडीआर. आमची खोली १८० चौरस फूट, उंची १० फूट. म्हणजे १८०० घनफूट, साधारण ५१ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा साफ व्हायची तर ५१ गुणिले ५, म्हणजे सुमारे २५५. दुकानात खोक्यावर हा आकडा शोधा. आणि हो, तो फुल स्पीडचा असतो. रात्री आवाज नको म्हणून स्पीड कमी केला की आकडाही उतरतो. तेव्हा थोडं मोठं मॉडेल बरं. वीज म्हणाल तर ५० वॉटचं मशीन रोज आठ तास चाललं तर महिन्याला १२ युनिट. खरा खर्च फिल्टर बदलण्याचा, त्याची किंमत आधी विचारा. प्री-फिल्टरवरची धूळ साफ करता येते, पण कागदी हेपा धुवायचा नाही. ओझोन सोडणारं मॉडेल दम्याच्या माणसाजवळ मुळीच नको.

खरी गोम पुढेच आहे. प्युरिफायरला दार बंद लागतं आणि चाळीत दार दिवसभर उघडं! बंद खोलीत सहा माणसं झोपली की कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो हेपाने जात नाही. मसाला गल्लीतल्या मिरचीचा वासही नुसत्या हेपाने जात नाही, त्याला ॲक्टिव्हेटेड कार्बनचा थर लागतो. मग करायचं काय? दुपारी समुद्राचं वारं सुटलं की खिडक्या उघडा. रात्री आणि पहाटे हवा साचते, तेव्हा दार लावून, एखादी फट ठेवून मशीन चालवा. ते भिंतीला चिकटवू नका, आणि झोपणाऱ्याच्या जवळ ठेवा. नाहीतर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

सगळ्यात आधी मात्र घरातला धूर थांबवा. २००३ च्या एका अभ्यासात डासांच्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघाल्याचं आढळलं. कॉइल पेटवून शेजारी प्युरिफायर लावणं म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं. कॉइलऐवजी मच्छरदाणी, झाडूऐवजी ओलं फडकं आणि देवापुढे उदबत्तीऐवजी फूल. आजीने पहिल्या दोन गोष्टी लगेच मान्य केल्या, तिसरीवर वाटाघाटी चालू आहेत!

हॉस्टेलवाल्यांनो, तुमच्या रूमचंही गणित आजच करून बघा. टेप आणि कॅल्क्युलेटर तर आहेच ना?